स्तोत्र म्हणा, कीर्तने म्हणा : सीमाभागातली दाविदाची गाणी

आपल्या गोव्यात भाषांची एक सोपी वाटणी लोकांच्या डोक्यात पक्की बसून गेली आहे. देवळात मराठी, इगर्जीत कोंकणी. आरती, भजन, पोथी मराठीत. मीस, मोतेत, लदैन कोंकणीत (किंवा जुन्या काळी लॅटिनमध्ये). १९८७ चा राजभाषा कायदा होण्याआधी जे रण माजलं, त्यात तर या वाटणीवर जणू शिक्काच बसला. मराठी हिंदूंची आणि ख्रिस्ती म्हणजे कोंकणीच, असं दोन्ही बाजूंची शहाणी माणसंसुद्धा बोलू लागली.

चोर्ला घाट चढून बेळगावला गेलं की हा हिशेब चुकतो. आपण गोंयकार बेळगावला जातो ते बहुधा खरेदीला, इस्पितळाच्या कामाला, नाहीतर मुलांच्या ॲडमिशनला. या शहरात (सरकारी कागदावर ते २०१४ पासून बेळगावी झालं) आणि तिथून वर निपाणी, कोल्हापूर, मिरजेकडे पिढ्यान्‌पिढ्या अशी ख्रिस्ती घराणी आहेत, की ज्यांचं देवाशी बोलणं मराठीत चालतं. बायबल मराठी, गाणी मराठी, लग्नातला आशीर्वाद मराठी आणि मातीत निरोप देतानाचे शब्दही मराठी. ही मंडळी कोंकणी बोलत नाहीत आणि मराठी आपली नाही असंही त्यांना कधी वाटलेलं नाही. आपल्याकडच्या वादात त्यांची कुणाला आठवणही होत नाही.

त्यांच्या उपासनेतल्या एकाच गोष्टीविषयी आज लिहितो आहे. ती म्हणजे स्तोत्रसंहिता.

बायबलच्या जुन्या करारात मधोमध हे पुस्तक येतं. एकूण १५० स्तोत्रं, त्यांचे पाच भाग. ७३ स्तोत्रांवर दावीद राजाचं नाव आहे, म्हणून लोक सरसकट दाविदाची स्तोत्रं म्हणतात. पण आसाफ, कोरहाचे वंशज, अशा इतर गवयांची नावंही आहेत आणि ९० वं स्तोत्र तर मोशेच्या नावावर आहे. आपल्याकडे ‘नामा म्हणे’ असलेले सगळे अभंग एकाच नामदेवाचे असतीलच असं नाही, तसंच हे. कित्येक शतकं लोक म्हणत आले, त्यात भर पडत गेली, शेवटी कुणीतरी एकत्र बांधलं. सर्वांत लहान स्तोत्र ११७ वं, दोनच ओळींचं. सर्वांत मोठं ११९ वं, त्यात १७६ ओळी. हिब्रूत अक्षरं २२. प्रत्येक अक्षराने सुरू होणाऱ्या आठ-आठ ओळी. २२ गुणिले ८, बरोबर १७६. हिशेबात चोख!

बऱ्याच स्तोत्रांच्या माथ्यावर गवयांसाठी सूचना असतात. कोणती वाद्यं घ्यायची, कोणत्या चालीवर म्हणायचं. २२ व्या स्तोत्रावर ‘पहाटेची हरिणी’ अशा नावाच्या चालीचा उल्लेख आहे. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदावर ‘चाल – अमुक’ असं छापलेलं असायचं, ते आठवा. ज्याला चाल ठाऊक त्याला सूचना पुरेशी. पुढे चाल विसरली गेली आणि वर नाव तेवढं राहिलं. ‘सेला’ हा शब्द तर स्तोत्रांत ७१ वेळा येतो आणि त्याचा नक्की अर्थ आज कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. इथे थांबा, की इथे वाद्यं वाजवा? मराठी बायबलात तो तसाच ठेवला आहे.

आता प्रश्न असा, की चाल हरवलेली, भाषा हिब्रू, देश सातासमुद्रापलीकडचा. मग ही गाणी मराठीत रुजली कशी? याचं एक कारण त्यांच्या बांधणीतच आहे. हिब्रू कवितेत शेवटच्या अक्षराचं यमक महत्त्वाचं नसतं. पहिल्या अर्ध्या ओळीत जे म्हटलं तेच दुसऱ्या अर्ध्यात थोडं वळवून म्हणतात, किंवा त्याच्या उलट बाजू दाखवतात. जुळतो तो अर्थ. यमक भाषांतरात मरतं, पण अर्थाची जोडी कुठल्याही भाषेत नेली तरी शाबूत राहते. शिवाय अशा दोन भागांच्या ओळी आळीपाळीने म्हणायला सोयीच्या. एक ओळ पाळकाने वाचायची, पुढची सगळ्या मंडळीने, ही पद्धत मराठी देवळांत रुळली (प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती आपल्या चर्चला ‘देऊळ’ म्हणायला संकोचत नाहीत). भजनात बुवा म्हणतो आणि टाळकरी उचलतात, ही सवय आपल्या कानांना होतीच.

दुसरं कारण विषयांचं. स्तोत्रं म्हणजे नुसती स्तुती असं नावावरून वाटेल. पण मोजून पाहिलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त स्तोत्रं रडगाऱ्हाण्याची आहेत. देवा, किती दिवस? माझ्याकडे पाठ का फिरवलीस? दुष्टांचं बरं चाललंय आणि मी मात्र उपाशी, हा कुठला न्याय? बहुतेक गाऱ्हाणी शेवटी विश्वासाकडे वळतात. पण ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, दिलासा काही नाही. ज्याने तुकोबांचे देवाशी भांडणारे अभंग ऐकले आहेत त्याला हा सूर परका वाटणार नाही. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमच्या डोंगराकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात. वारीच्या मुलुखातल्या माणसाला त्यांचं वेगळं स्पष्टीकरण कशाला द्यावं लागेल? आणि अनाथांचा बाप, विधवांचा कैवारी असा देव तिथे पुन्हा पुन्हा येतो. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात, विधवांचे हाल घरोघर दिसत असताना, हे शब्द कानावर कसे पडले असतील याची कल्पना करा.

आपल्या गोव्यात मात्र ही गाणी आली ती लॅटिनच्या वेषात. उपवासकाळातलं पश्चात्तापाचं मोठं स्तोत्र लोकांना ‘मिझेरेरे’ या पहिल्या लॅटिन शब्दानेच ठाऊक. अर्थ पाद्रीला कळे, लोकांना स्वर कळे. याला एकच भव्य अपवाद होऊन गेला. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’, छापलं १६१६ मध्ये, राशोलला. दहा हजारांवर ओव्या, भाषा मराठी. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, त्यात दावीदही आला. नव्या ख्रिस्ती लोकांनी पुराण मागितलं आणि स्टीफन्सनी ते त्यांना त्यांच्याच ओवीत दिलं. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला आणि गोव्यातला ख्रिस्ती मराठीचा धागा क्षीण होत तुटला. नंतर इगर्जीत कोंकणी टिकली, मराठी देवळात राहिली. म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती वाटणी काही अनादी नाही. ती इतिहासात घडली आहे आणि तिच्यामागे राज्यकर्त्यांचे हुकूमही आहेत.

तोच धागा दीडशे वर्षांनी दुसऱ्याच हातांनी, दुसऱ्याच पंथाच्या लोकांनी, घाटावर पुन्हा धरला.

बेळगावचा किल्ला इंग्रजांनी १८१८ मध्ये घेतला. लगेच १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून बेळगावला आले. बल्लारी हे त्या मिशनचं कानडी ठाणं. तिथेच जॉन हँड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानडी बायबल तयार केलं, ते १८३० च्या सुमारास पुरं झालं. मराठी बायबल वेगळ्या वाटेने आलं. त्याची सुरुवात बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरी आणि त्यांचे पंडित वैजनाथ यांच्याकडून झाली. १८११ मध्ये निघालेला त्यांचा नवा करार मोडी लिपीत होता. पण ती मराठी मुंबई-पुण्याकडच्या लोकांना रुचेना. मग १८१३ पासून मुंबईत असलेल्या अमेरिकन मिशनने नव्याने काम हाती घेऊन १८२६ मध्ये आपला नवा करार काढला आणि १८४० च्या दशकात जुना करारही पुरा झाला.

म्हणजे दक्षिणेकडून कानडी बायबल आणि उत्तरेकडून मराठी बायबल अशी दोन पुस्तकं चालत आली आणि बेळगावात एकमेकांना भेटली. गंमत बघा. मराठीत या गाण्यांच्या पुस्तकाला नाव पडलं ‘स्तोत्रसंहिता’. कानडीत नाव पडलं ‘कीर्तनेगळु’. दोन्ही शब्द मिशनऱ्यांनी आणले नव्हते, इथलेच उचलले होते. मराठी घरात संध्याकाळी दिवा लागला की रामरक्षा, व्यंकटेशस्तोत्र म्हणत. देवापुढे पाठ म्हणायचं ते स्तोत्र. कानडी मुलुखात पुरंदरदासादी हरिदासांची पदं म्हणजे ‘कीर्तने’. मराठी माणसाला कीर्तन म्हटलं की उभा राहिलेला बुवा, पूर्वरंग, उत्तररंग आठवतो. कानडी माणसाला एक पद आठवतं. एकच हिब्रू पुस्तक दोन शेजाऱ्यांनी आपापल्या देवघरातलं नाव देऊन आत घेतलं. एका गल्लीत ‘स्तोत्र तेवीस’ आणि पलीकडच्या गल्लीत ‘कीर्तने तेवीस’. मेंढपाळ तोच आणि हिरवं कुरणही तेच.

आकड्याचंही सांगायला हवं, कारण गोव्यातला वाचक जुनं लॅटिन पुस्तक उघडेल तर गोंधळेल. मेंढपाळाचं स्तोत्र तिथे २२ वं आहे आणि मिझेरेरे ५१ ऐवजी ५० वं. कारण ग्रीक आणि त्यावरून लॅटिन भाषांतर करणाऱ्यांनी हिब्रूतलं ९ वं आणि १० वं एकच धरलं, पुढे एक-दोन ठिकाणी जोडलं, एक-दोन ठिकाणी तोडलं आणि शेवटी बेरीज १५० च आली. आम्हा कारकुनांना हे नवं नाही. एकाच फाइलला दोन खात्यांत दोन नंबर पडतात, आतला कागद तोच असतो. हल्लीची कॅथलिक भाषांतरंही बहुधा हिब्रू क्रमांकच देतात.

बेळगावच्या या मिशन शाळेत शिकलेला एक मुलगा मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसला. बाबा पदमनजी. जन्म बेळगावचा, १८३१ चा, घराणं कासारांचं. घरातली पूजाअर्चा, व्रतंवैकल्यं, पोथ्या या सगळ्यांत वाढलेला हा मुलगा पुढे शिकायला मुंबईला गेला आणि १८५४ मध्ये बेळगावलाच त्याने बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव पाठ करतो. पण ती कशाविषयी आहे? विधवांच्या दुःखाविषयी. मला ती वाचताना गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांची आठवण होते, ती त्या दुःखाला थेट देवापुढे मांडण्यामुळे. परीक्षेपुरतं नाव लक्षात ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हा लेखक बेळगावचा आणि ख्रिस्ती होता हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. त्यांचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’. १९०६ मध्ये ते वारले, तोवर मराठीत त्यांनी ढीगभर लिहून ठेवलं होतं.

पण गद्यात वाचलेलं स्तोत्र आणि गाता येणारं स्तोत्र यांत फरक असतो. सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले. ऱ्हस्व-दीर्घाचे हाल झाले, ऐकणाऱ्यांचेही झाले असावेत! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि देशी चाली आणल्या. मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्म, १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९१९ मध्ये मृत्यू. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग, पदं, भजनं लिहिली आणि आज ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकात त्यांची असंख्य गीतं आहेत. स्तोत्रांतला भाव टिळकांनी अभंगाच्या साच्यात ओतला, तेव्हा ती गाणी खऱ्या अर्थाने मराठी झाली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण सगळ्यांनी वाचली आहेत. त्यांच्या घरातला हा गाणारा भाग कमी लक्षात राहतो.

आणि पंडिता रमाबाई. जन्म आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, १८५८ चा, मातृभाषा मराठी. सीमेवरच्या माणसांची ही गोष्ट लिहिताना त्यांना वगळून कसं चालेल? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनाथ, विधवा बायकांत राहून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणलं. खेड्यातल्या साध्या बाईला कळावं ही त्यांची कसोटी. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं होतं. संस्कृतची पंडिता, पण स्तोत्रांसाठी तिने संस्कृतचा दिमाख बाजूला ठेवला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

निपाणीची कथा बेळगावपेक्षा थोडी निराळी. ती कोल्हापूरच्या बाजूची. कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर आले, त्यातून प्रेस्बिटेरियन मिशन वाढलं, मिरजेला डॉ. वॉन्लेस यांचं इस्पितळ झालं. तंबाखूच्या पेठेचं गाव निपाणी या वाटेवरचं. तिथल्या ख्रिस्ती माणसाचे सोयरे कोल्हापूर-सांगलीकडे, गीतपुस्तक तेच, पाळकही तिकडचेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोग (१९६६), सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा, दर १ नोव्हेंबरचा काळा दिवस, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे.

अशा मुलुखात १३७ वं स्तोत्र कसं वाचलं जात असेल? यरुशलेम पडल्यावर बाबेलच्या नद्यांकाठी नेलेले लोक. वीणा झाडांना टांगून ठेवलेल्या. पकडून नेणारे म्हणतात, गा रे तुमच्या देशातलं एखादं गाणं. आणि यांना प्रश्न पडतो, की परक्या भूमीत आपल्या देवाचं गाणं गावं कसं. जगभरच्या निर्वासितांनी हे स्तोत्र आपलं मानलं. सीमाभागात मात्र एक फरक आहे आणि तो बारकाईने पाहायला हवा. इथे माणसं कुठे गेली नाहीत. घर तेच, शेत तेच, कबरस्तान तेच. रेघ हलली. परका मुलुख चालत घरी आला, असं एखाद्याला वाटेल. पण शेजारचा कानडी माणूसही तिथलाच, आणि तो रविवारी त्याच देवाला ‘कीर्तने’ म्हणून आळवतो. त्याला बाबेलवाला कसं म्हणणार?

त्या स्तोत्राचा शेवट भयंकर आहे. शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयी तिथे जे म्हटलंय ते इथे सांगवत नाही. बहुतेक देवळांत तेवढा भाग गाळून वाचतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने जी नवी नित्यप्रार्थना आखली, त्यात या ओळी आणि ५८, ८३, १०९ ही तीन शापाची स्तोत्रं ठेवलीच नाहीत. गाळावं की ठेवावं यावर अभ्यासकांत वाद आहे. मला ठेवणाऱ्यांचं म्हणणं थोडं पटतं. राग खरा असतो. तो देवापुढे ओकून टाकला तर कदाचित शेजाऱ्यावर दगड उचलायची वेळ येत नाही. बसला काळं फासणाऱ्या दोन्हीकडच्या पोरांना कुणीतरी आधी १३७ वं पुरतं वाचून दाखवावं आणि मग विचारावं, की या शेवटापर्यंत जायचंय का?

बेळगावच्या कॅथलिकांचा तर आपल्याशी थेट संबंध. १९५३ मध्ये बेळगाव धर्मप्रांत स्वतंत्र झाला, तोवर त्यातला मोठा भाग गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. आजही तिथे कोंकणी, मराठी, कानडी, इंग्रजी अशा भाषांत मीस होते आणि दोन वाचनांच्या मध्ये स्तोत्र येतंच, प्रत्येक वेळी वेगळ्या भाषेत. परिषदेच्या आधी हे शक्य नव्हतं. तेव्हा सगळ्यांना लॅटिन समान होतं आणि समान रीतीने कळत नव्हतं.

आता काळजीची गोष्ट. राज्यकारभार कानडीत, शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाची. मुलं घरी मराठी बोलतात, पण छापील मराठी वाचताना अडखळतात, हे सीमाभागातलं दृश्य मराठी देवळापुरतं नाही. आपल्या डिचोली-सत्तरीतही याहून फार वेगळं काय आहे? फरक इतकाच, की रामरक्षा न वाचताही आजीकडून पाठ होते. स्तोत्रसंहिता ही पुस्तकाची उपासना आहे. आळीपाळीने वाचायचं तर वाचता यायला हवं. कानडीतून किंवा इंग्रजीतून ती मुलं स्तोत्रं म्हणतील, त्यांचा देव काही कमी ऐकणार नाही. पण दीडशे-दोनशे वर्षांत बाबा पदमनजी, टिळक, रमाबाई यांनी ज्या भाषेला रडायला आणि आळवायला शिकवलं, ती भाषा त्या बाकांवरून उठून गेली तर नुकसान मराठीचं आहे. तेही सगळ्या मराठीचं, ख्रिस्ती मराठीचं एकट्याचं नव्हे.

म्हणून आपल्या मराठी संस्थांना एक सुचवावंसं वाटतं. साहित्य संमेलनांत सीमाप्रश्नाचा ठराव दरवर्षी होतो, तो होऊ द्या. त्याबरोबर बेळगाव-निपाणीच्या मराठी देवळातल्या एखाद्या गायकवृंदाला पणजीला, फोंड्याला बोलवा. टिळकांचं एक पद आणि स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र आपल्या लोकांना ऐकू द्या. ख्रिस्तपुराणाचा अभिमान आपण चारशे वर्षांनंतरही मिरवतो. त्याचे आजचे वारस घाटापलीकडे दोन-अडीच तासांवर राहतात.